आलं की परतलं

विमानात बसून आल्यापासून शाळेच्या शिक्षकखोलीत माझा भाव वधारला आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडला की कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, पोटात गोळा येतो म्हणतात, खरं का हो?" चित्रकलेचे सर शाळेचं हस्तलिखित काढतात. ते तर हात धुऊन मागे लागले. "आमच्यातलं कुणी विमानात बसलेलं नाही आणि बसेलसं वाटतही नाही. तुम्ही लिहा, आम्ही वाचू." मी हो म्हटलं आणि मग बरेच दिवस टोलवाटोलवी केली. लिहायला काही नव्हतं असं नाही. पण लोक हे हौसेने वाचायला घेणार, आणि माझी गोष्ट हौसेची नाही. गेल्या मे महिन्यात मी विमानाने रत्नागिरीला गेले ती सासऱ्यांना शेवटचं पाहायला. तेव्हा आधीच सांगून ठेवते, ढगांची वर्णनं यात कुणी शोधू नयेत.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न करून मुलुंडला आले. आमचे 'हे' रत्नागिरीचे, घरातले थोरले. तिकडे रेल्वे नाही. रेल्वेची नुसती बोलणीच आम्ही ऐकत आलो आहोत. एस्टीत अंग मुडपून बसायचं आणि हातखंब्याच्या फाट्यावर डोळे चोळत चहा प्यायचा, हा आमचा ठरलेला प्रवास. दोन-तीन वर्षांपासून मात्र मुंबईहून एक लहानसं विमान तिकडे जाऊ लागलं आहे. धावपट्टी गावाबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्याबोडक्या माळावर. आमचं घर बरोबर त्या सड्याच्या खाली. समोर माडापोफळींचं आगर, आगरापलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. समुद्राकडून येणारं विमान उतरताना आमच्या कौलांवरून जातं.

आमच्या घरची, आणि खरं म्हणजे त्या सगळ्या वाडीची, एक गंमत आहे. ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. विमानाने कुणी येणार असलं तरी सड्यावर आधी जाऊन कुणी ताटकळत नाही. घरातच थांबायचं. विमान डोक्यावरून खाली गेलं आणि पुन्हा आवाज आला नाही, की सासूबाई ओटीवरून म्हणणार, "आलं." मग पायांत वहाणा घालायच्या. सामान उतरेपर्यंत माणूस आरामात वर पोचतो. पण पावसाळ्याच्या तोंडावर वारा आडवा सुटतो. मग विमान खाली येतं आणि न टेकताच आरडत पुन्हा वर जातं. असं दोनदा झालं की ते मुंबईचा रस्ता धरतं. तेव्हा सासूबाई म्हणणार, "परतलं." त्यांचा कान इतका पक्का की शेजारपाजारचे लोकही कुंपणाच्या दगडी गडग्यावरून विचारतात, "काय काकू, आलं की परतलं?"

सासऱ्यांना, आप्पांना, या विमानाचं कोण अप्रूप. दर खेपेला यांना म्हणायचे, "एकदा विमानातून ये रे. वरून आपलं घर कसं दिसतं ते मला सांग." हे हसून सोडून द्यायचे.

मुंबई

आप्पा आजारी असल्याचं पत्र आलं तेव्हाच यांच्या साहेबांनी धावपळ करून दोन तिकिटं मिळवून दिली. भेट व्हावी एवढ्यासाठी विमान. निघायच्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल आला. धाकटे दीर विनायकभाऊजी बोलत होते, वाडीतल्या डॉक्टरांच्या फोनवरून. ते इतक्या मोठ्याने ओरडत होते की मला दारात उभं राहून ऐकू आलं.

"दादा, आप्पा गेले. तू विमानाने ये. विमान आलं की नेऊ. तुझ्यासाठी थांबतो."

हे फक्त "थांबा" म्हणाले. दोनदा म्हणाले.

यांच्या घरी तिन्हीसांजेनंतर अग्नी देत नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात आदल्या रात्रीपासूनचा देह दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही, आणि एस्टीने गेलो तर दुसरा दिवस उजाडणार. म्हणजे आप्पांचं तोंड पाहायचं आणि थोरल्याने अग्नी द्यायचा, तर त्या विमानाने वेळेवर उतरायला हवं, एवढाच हिशेब होता. मुलांना शेजारी ठेवून आम्ही सांताक्रूझ गाठलं.

विमान पाहून माझा जरा हिरमोड झाला. आपली एस्टी याहून मोठी. आत वाकून शिरायचं, दोन्ही अंगांना एकेक खुर्ची, आणि चालकाच्या जागेला दार नाही, नुसता पडदा. तोही बाजूला सारलेला. कॅप्टनचे हात, पाय, घड्याळांसारख्या तबकड्या, सगळं दिसत होतं. एका मुलीने कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळी दिली. यांनी गोळी शर्टाच्या खिशात ठेवली.

आमच्या पुढच्या खुर्चीवर शिर्के नावाचे रत्नागिरीचे एक बागायतदार होते. आंब्याच्या धंद्यापायी त्यांची मुंबईला सारखी ये-जा. जातीचा बोलका माणूस. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला पाहून ते मागे वळले.

"पयल्यांदा काय वैनी? घाबरू नका. आमच्या होडीपेक्षा बरं हाय हे. हिच्यात निदान पाणी तरी येत नाय."

मला हसू आलं आणि लगेच शरम वाटली. हे खिडकीबाहेर बघत होते.

सड्यावर, पहिल्यांदा

खालचा समुद्र वरून स्थिर दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. लाटा जागच्या जागी थिजलेल्या दिसतात. रत्नागिरी जवळ आली तेव्हा यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ती मांडवी," असं म्हणून बोटाने बंदर दाखवलं. मग बोट तसंच पुढे सरकवत नेलं आणि थांबवलं. "ते आपलं घर." लाल कौलांचा एक ठिपका आणि खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पांढरे ठिपके. माणसं जमली होती. थांबली होती. मी हात जोडले. यांनी शर्टाची बटणं नीट लावली, बाही सारखी केली, जणू दारातच पोचलो होतो.

आणि मग विमान डचमळायला लागलं. वारा नैर्ऋत्येकडून आडवा येत होता आणि धावपट्टी दुसऱ्याच अंगाला. धावपट्टी समोरच्या काचेतून दिसायला हवी ना? ती मला माझ्या बाजूच्या खिडकीतून दिसत होती. मला वाटलं, या माणसाचा रस्ता चुकला. कृष्णेच्या पुरात नावाडी पैलतीराच्या घाटावर जायचं असलं तरी नावेचं तोंड वरच्या अंगाला धरतो, तसं कॅप्टनने विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून धरलं होतं. आम्ही खेकड्यासारखे तिरके तिरके खाली जात होतो. त्याचे पाय शिलाईच्या मशिनीवर असावेत तसे चालले होते, एकदा हा, एकदा तो.

घराची कौलं खालून गेली. सडा वर आला, वाळलेलं गवत दिसायला लागलं, गवत एका अंगाला पार झोपलेलं. अगदी शेवटी कॅप्टनने नाक सरळ केलं, वाऱ्याकडचा पंख खाली दाबला. आता टेकणार असं वाटलं, आणि खालून कुणी हाताने उचलावं तसा तो पंख वर गेला. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. इंजिनं ओरडली आणि मी खुर्चीत मागे दाबली गेले. पुन्हा आभाळ.

"होतंय असं," शिर्के म्हणाले. पण आता त्यांनीही खुर्चीचा दांडा धरला होता.

दुसऱ्यांदाही तसंच. समुद्रावर लांब वळसा, तीच कौलं, तेच खळं, तेच झोपलेलं गवत. या खेपेला एक चाक टेकलंसुद्धा. मला तो धक्का कळला. यांनी पट्ट्याच्या कडीवर हात ठेवला. पण विमान एका चाकावर आडवं सरकायला लागलं, पट्टीच्या कडेचे दगड खिडकीत आले, आणि कॅप्टनने ते पुन्हा वर काढलं. मला त्याचा राग आला. आज विचार केला तर त्याने केलं तेच शहाणपणाचं होतं. पण तेव्हा मला वाटलं, एक चाक टेकलं होतं, दुसरं टेकवायला काय झालं होतं?

कॅप्टन मागे वळून हिंदीत म्हणाला, की आता पुन्हा प्रयत्न करणार नाही. एरवी तो मुंबईलाच गेला असता. पण त्या दिवशी गोव्यात त्यांचे काही प्रवासी अडकून पडले होते, त्यांना घेऊन मुंबईला जायचं होतं. तेव्हा आधी गोवा. वारा पडला तर जाताना पुन्हा रत्नागिरीला उतरवून बघू.

हे माझ्याकडे वळले. "आई म्हणणार, परतलं," ते म्हणाले.

गोवा

गोव्याला कोण कुठल्या कारणाने जाईल सांगता येत नाही. विमानतळावर हॅट घातलेले गोरे लोक, नवीन लग्न झालेली जोडपी, आणि त्यांच्यात आम्ही दोघं. बाकीच्या प्रवाशांनी चहा घेतला, पाव-आम्लेट घेतलं. आम्ही काही घेतलं नाही. घरात माणूस तसाच ठेवलेला असताना तिकडे चूल पेटली नसणार, मग आपण कसं खायचं? यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आमच्या साताऱ्याकडेही असंच आहे. फक्त आमच्याकडे लेकी आल्याशिवाय उचलत नाहीत, मग कितीही खोळंबा होवो. यांच्याकडे थोरल्या मुलासाठी थांबतात.

हे टेलिफोनच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. घरी फोन नाही. वाडीतल्या त्याच डॉक्टरांचा नंबर देऊन अर्जंट कॉल लावला. खिडकीत एक म्हातारी ख्रिस्ती बाई होती, फुलाफुलांच्या झग्यातली, गळ्यात क्रूस. तिला यांनी सगळं सांगितलं. तिने खरोखर मनापासून खटपट केली.

"रिंग जाता, बाबा," ती अर्ध्या कोंकणीत, अर्ध्या मराठीत म्हणाली. "पण कोण उचलीना."

"पुन्हा लावा."

"लायतां. तू बस मरे इल्लो."

हे बसले नाहीत. मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ. यांनी मनातल्या मनात रस्ता मोजला असावा. "दिवेलागणी होईल," ते म्हणाले. "विमान गेलं तर तासाच्या आत पोचतो." मग लगेच, "आणि नाही गेलं तर?" बाहेर माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या उभ्या होत्या. आम्ही दोघं सारखे त्या झावळ्यांकडे बघत होतो. मधेच वाटायचं जरा खाली आल्या, मधेच पुन्हा ताठ. शिर्के आमच्याशेजारी येऊन बसले. त्यांना आता सगळं कळलं होतं.

दुपार कलली तेव्हा झावळ्या खाली लोंबल्या. विमानात बसायला बोलावलं तेव्हा हे अजून टेलिफोनच्या खिडकीशीच होते. बाईने काचेतूनच मान हलवली आणि कपाळावर क्रूस काढला.

सड्यावर, पुन्हा

या खेपेला विमान मुकाट्याने चाललं होतं. मला आशा वाटायला लागली. मी हिशेब करत होते, की तिन्हीसांजेला अवकाश आहे, विनायकभाऊजी थांबतो म्हणालेत, आईंना यांच्याविना न्यायचं मनात येणार नाही. हेही जरा पुढे सरसावून बसले होते. पण समुद्रावर वळसा घेताना विमान पुन्हा डचमळलं. कॅप्टन कानाला लावलेल्या यंत्रात बोलत होता. खालून त्याला वारा पडल्याचं सांगत असावेत. त्याचा विश्वास बसत नसावा. तो मान लांब करून खाली काहीतरी शोधत होता.

तेवढ्यात शिर्के ओरडले, "तो धूर बघा! सरळ वर चाललाय! कुणी शेतात भाजावळ पेटवलान वाटतं. वारा पडलो, वारा पडलो!"

सुरूच्या बनापलीकडून, वाळूवरून, धूर निघत होता. जरासा कललेला, पण जवळजवळ सरळ उभा. कॅप्टननेही बोट करून तो शेजारच्याला दाखवला आणि विमान खाली लावलं. मी खिडकीला नाक लावलं. धुराभोवती माणसं होती, बरीच. त्यातल्या एकाने विमानाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले. मागच्या खुर्चीवरची बाई कौतुकाने म्हणाली, "बघा, लोक हात करतायत आपल्याला." मीही खिडकीतून हात हलवला. हे मी लपवणार नाही. मी हात हलवला.

विमान या वेळी तिरकं गेलं नाही. कौलं गेली, खळं गेलं. खळ्यात पांढरे ठिपके नव्हते. मग गवत, मग एक धक्का, दुसरा धक्का, आणि दोन्ही चाकं सड्यावर धावायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या. शिर्के डोळे पुसत होते.

हे जागचे हलले नाहीत. सगळे उठले तरी बसूनच. मी म्हटलं, "अहो, चला ना, लवकर." यांनी पट्टा काढायला इतका वेळ लावला, की शेवटी मीच वाकून काढला. मला वाटलं, दिवसभराच्या उपाशीपणाने गळून गेलेत. दाराशी कॅप्टन उभा होता, घामाने भिजलेला, अगदी पोरसवदा. जाणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होता. यांचा हात हातात घेऊन हिंदीत म्हणाला, "नशीब चांगलं. खाली कुणीतरी आग पेटवली होती. तो धूर दिसला नसता तर मी माघारीच जाणार होतो."

"थँक्यू," हे म्हणाले.

सड्यावर आम्हाला घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. शिर्क्यांची जीप आली होती. त्यांनी आम्हाला बसवलं. सडा उतरून आमच्या घराचा फाटा आला तसा त्यांनी ड्रायव्हरला वळायला सांगितलं.

"घराकडे नको," हे म्हणाले. "सरळ खाली घ्या. समुद्रावर."

शिर्क्यांनी यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडातून "अरे देवा" एवढंच निघालं. मग मलाही कळलं. वाडीचं स्मशान तिथेच आहे, सुरूच्या बनापलीकडे, वाळूवर. हे तिथलेच. यांना तो धूर वरून दिसला तेव्हाच कळलं होतं.

समुद्रावर

तिकडे बायका स्मशानात जात नाहीत. आमच्याकडेही नाहीत. मी सुरूच्या सावलीत जीपपाशी थांबले. तिथून सगळं दिसत होतं आणि वारा नसल्यामुळे सगळं ऐकूही येत होतं. चिता मधोमध पेटली होती. विनायकभाऊजी ओल्या धोतराने उभे होते, खांद्यावर उत्तरीय. यांना येताना पाहून लोक बाजूला झाले. डॉक्टरही तिथेच होते. गोव्याहून लावलेला फोन त्यांच्या रिकाम्या दवाखान्यात वाजत राहिला होता.

हे आगीच्या झळीपर्यंत गेले आणि थांबले.

"थांबतो म्हणाला होतास."

"दादा, दोनदा येऊन गेलं विमान. आई ओटीवर बसून ऐकत होती. म्हणाली, परतलं. मी तरी म्हटलं, अजून थोडं बघू. तर म्हणाली, आता तो एस्टीने उद्या येणार. त्यांना किती तिष्ठत ठेवायचं?"

"सड्यावर जाऊन विचारायचं तरी."

वाडीतल्या कुणाच्याच मनात ते आलं नव्हतं. आईंनी परतलं म्हटल्यावर विचारायला कोण जाणार?

"अग्नी दिला," ते म्हणाले, "आणि मागे वळतो तर डोक्यावर विमान. चाकं दिसली मला. मी हात वर केले. थांब म्हणालो. कुणाला म्हणालो कळत नाही दादा. तुला म्हणालो की आगीला." आणि तो दाढीमिशीचा माणूस मोठ्याने रडायला लागला.

मला वाटलं, हे आता काहीतरी वाईट बोलणार. यांचा राग मला ठाऊक आहे, तो उशिरा येतो आणि मग आवरत नाही. पण यांनी बाजूचं एक लाकूड उचललं आणि आगीत ठेवलं. मग भावाशेजारी जाऊन उभे राहिले. जीपमधल्या शिर्क्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

घरी

आई ओटीवर बसल्या होत्या. आतल्या खोलीत, आप्पांना ठेवलं होतं त्या जागी, पिठाच्या रांगोळीवर पणती. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"उतरलं ना?" त्या म्हणाल्या. "मी ऐकलं. तिसऱ्यांदा आलं ते परत गेलंच नाही."

माझी जाऊ सुमन नंतर म्हणाली, की विमान डोक्यावरून गेलं तेव्हा आई सारवत होत्या. हातातलं शेण तसंच धरून त्या खळ्यात आल्या आणि कितीतरी वेळ आभाळाकडे कान लावून उभ्या राहिल्या. आवाज परत येण्याची वाट बघत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विमान परत जायला हवं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. ज्याने अग्नी दिला त्यानेच पुढचं सगळं करायचं, असा नियम. म्हणून सगळे विधी विनायकभाऊजींनी केले आणि हे थोरले असून शेजारी पाटावर बसून राहिले, पाहुण्यासारखे. कुळथाचं पिठलं आणि भात पानात पडायचा, हे दोन घास खाऊन उठायचे. एक दिवस यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात ती विमानातली गोळी निघाली, विरघळून कापडाला चिकटलेली.

विमान येतच होतं. वारा पडलेला, सरळ यायचं आणि उतरायचं. ते डोक्यावर आलं की घरातलं बोलणं बंद व्हायचं. आई ओटीवर असल्या तर उठून आत जायच्या. "आलं" म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. गडग्यापलीकडून कुणी विचारतही नव्हतं.

आप्पांनी आजारपणातसुद्धा आमच्यासाठी माडीवर आंब्यांची अढी लावून घेतली होती. दुखवट्याच्या घरात कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि आंबा काही माणसांसाठी थांबत नाही. सगळ्या घरात तो गोड वास भरून राहिला होता. मला तो सहन होईना. शेवटी आईच म्हणाल्या, "अगो शैला, चल. अढी उकलू. कुजतील मेले." आम्ही दोघी पेंढ्यात हात घालून बसलो. पिकलेला वेगळा, डागी वेगळा.

मग त्या खाली बघतच म्हणाल्या, "दुसऱ्यांदा गेलं तेव्हा आवाज लांब लांब होत गेला हो. मी नीट ऐकलं."

"हो आई. गेलंच होतं. तुम्ही बरोबर ऐकलंत."

"मग परत का आलं?"

मला धुराचं सांगायचं नव्हतं. यांनी आणि मी ते आपसातच ठेवायचं ठरवलं होतं. शिर्क्यांनाही यांनी तसं बजावलं होतं. आप्पांच्याच धुराने आम्हाला उतरवलं, हे त्या माऊलीला सांगून काय साधणार? मी म्हटलं, "वारा पडला म्हणून."

"मेला वारा," आई म्हणाल्या, आणि एक डागी आंबा उचलून उगाच कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

परतीची वाट

तेराव्यानंतर आम्ही निघालो. विमानाची परतीची तिकिटं होती, पण यांनी विनायकभाऊजींना पाठवून एस्टीचं रिझर्व्हेशन केलं. निघायच्या आधी हे आप्पांच्या रिकाम्या आरामखुर्चीपाशी जरा उभे राहिले. मी मागेच होते. ते अगदी हळू म्हणाले, "लाल दिसतं. आगराच्या हिरव्यात लाल. ओळखू येतं." आप्पांनी सांगायला सांगितलं होतं, वरून घर कसं दिसतं ते.

आई बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला आल्या. पदराखाली आंब्यांची पिशवी होती, ती माझ्या हातात दिली. हे वाकले, त्यांनी पायांवर डोकं ठेवलं, आणि उठेनातच. आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. वर सड्यावर कुठेतरी इंजिनाचा आवाज होत होता. आईंनी तिकडे मान वळवली नाही.

"आता एस्टीनेच येत जा हो," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश ये. आता तुझ्यासाठी कुणी खोळंबलेलं नाही."